नीलांबरीची पहिली फेरी

"आज तू येऊ नकोस," हे म्हणाले.

मी आरशासमोर उभी राहून अबोलीची वेणी माळत होते. हातातली पिन हातातच राहिली. पडवीत हे घावनाचा तुकडा ताटलीत इकडून तिकडे फिरवत बसले होते. नारळाच्या रसाची वाटी भरलेली होती तशीच होती.

"का? आज पहिली फेरी ना?"

"आहे. पण तुझ्या जागी गुप्तेसाहेबांच्या आई बसणार आहेत. काल पुण्याहून आल्यात."

"आणि मी?"

"तू घरी राहा. उन्हातनं कशाला उगाच."

उन्हातनं! आमच्या साखरबंदरात घरापासून कारखान्याचा धक्का हाकेच्या अंतरावर. तिथे जायला मला कधी चप्पलसुद्धा लागली नव्हती. मी काही बोलायच्या आत ह्यांनी ताटली बाजूला सारली, टोपी घातली आणि निघून गेले. घावन तसंच टाकून. ह्या माणसाने तापातसुद्धा घावन टाकलेलं मी पाहिलं नव्हतं.

मला राग आला तो जागेचा. ही जागा कसली ते सांगायला हवं.

आमचे हे, म्हणजे शंभूमेस्त्री, अर्देशीर शेठच्या कारखान्यात बोटी बांधायचे. मच्छीमारीच्या नव्हेत. मुंबईच्या बड्या लोकांच्या, शौकाच्या मोटरबोटी. वरून पांढऱ्याशुभ्र, आत सागवानाचं काम, झोपायची खोली, छोटा फ्रिज, मऊ गाद्या. त्या गाद्यांच्या खोळी मी शिवायची. पहिली बोट तयार झाली तेव्हा गिऱ्हाईक धक्क्यावर आलं आणि पाय मागे घ्यायला लागलं. एवढ्याशा गावातल्या सुताराने बांधलेली बोट, बुडाली तर? अर्देशीर शेठनी ह्यांना हाक मारली. "मेस्त्री, तुझा बायडीला बोलाव. ती बसेल तर मी बी बसेल, हा साहेब बी बसेल." मला घरून बोलावून आणलं. हाताला पीठ लागलेलं होतं माझ्या. मी बसले, हे बसले, इब्राहीम तांडेलाने बोट खाडीतून फिरवून आणली. परत आलो तेव्हा शेठ टाळ्या वाजवत होते. "बस! आता हाच कायदा. जो बांधेल त्याची बायडी पहिली बसेल."

तेव्हापासून प्रत्येक बोटीची पहिली फेरी माझी. मागच्या बाकावर डाव्या हाताची जागा. हे माझ्या पायाशी बसायचे, तळावरचं झाकण उघडून, बोटाच्या पेराने टकटक करत, कान लावून. मी काठावरच्या बायकांना हात करायची. गावात मला कोणी द्रौपदी म्हणेनासं झालं, सगळ्या 'फेरीवाली' म्हणायच्या. पुढे शेठ म्हातारे झाले, त्यांच्या पोरांना कारखाना नको होता, आणि तो गुप्त्यांनी घेतला.

गुप्तेसाहेब वाईट माणूस नव्हता. पुण्याकडे बसच्या बॉड्या बांधायचा त्यांचा कारखाना होता, चांगला चाललेला. त्यांना बोट म्हणजे पाण्यातली बस वाटायची. आल्या आल्या म्हणाले, "मेस्त्री, आत माणसाला ताठ उभं राहता आलं पाहिजे. लाखो रुपये देणारा माणूस वाकून का शिरेल?" मुंबईच्या एका गिऱ्हाइकाने मोठी ऑर्डर दिली, एकसारख्या बोटींची. पहिली पसंत पडली तरच पुढच्या. नाही पडली तर कारखाना बंद, हे साहेबांनी सगळ्यांना जमवून सांगितलं. गावातली निम्मी घरं त्या कारखान्यावर जेवत होती.

ती पहिली बोट म्हणजे नीलांबरी.

तिच्या गाद्यांच्या खोळी मला उसवून पुन्हा शिवाव्या लागल्या होत्या. मी नेहमीच्या मापाने शिवल्या, आणि खालच्या खोलीतल्या गाद्या कमी पडल्या. "खोली वाढली कशी?" मी ह्यांना विचारलं होतं. "साहेबांनी जमीन खाली घेतली," असं म्हणून हे हात धुवायला उठले. मला वाटलं, कामाचा कंटाळा आला असेल. त्या महिन्यात ते घरी कमीच बोलायचे. एकदा झोपेत 'नको, नको' म्हणाले. मी पाठीवरून हात फिरवला.

तर त्या सकाळी मी तासभर घरात बसले. भांडी घासली. मग वाटलं, बसू देत कोणाला बसायचं ते. नारळ फोडायला तरी मी हवी. बोटीला कुंकू कोण लावणार? पुण्याची म्हातारी? मी नारळ घेतला, कुंकवाची कोयरी घेतली आणि गेले.

धक्क्यावर गाव लोटलं होतं. नीलांबरी आदल्या दिवशीच पाण्यात उतरवलेली होती. इतकी देखणी बोट आमच्या हातून तोवर झाली नव्हती. भरती भरून पाणी थांबलं होतं, तिचं प्रतिबिंबसुद्धा हलत नव्हतं. गिऱ्हाईक पांढरे बूट घालून, गळ्यात दुर्बीण अडकवून उभं होतं. बोटीत चाकापाशी इब्राहीम, त्याच्याजवळ गुप्तेसाहेब, आणि मागच्या बाकावर डाव्या हाताला, माझ्या जागेवर, एक गोऱ्यापान म्हाताऱ्या बाई. फिक्या रंगाची रेशमी साडी, मांडीवर पर्स घट्ट धरलेली.

हे धक्क्यावर उभे होते. मागचा दोर सुटलेला होता. पुढचा दोर खुंट्यावरून काढून ह्यांनी हातात धरला होता.

इंजिन खोकलं आणि बंद पडलं.

"आत्ता तर लागलं होतं," गुप्तेसाहेब म्हणाले.

"नवीन आहे साहेब, लाजतंय," इब्राहीम म्हणाला. लोक हसले. हे हसले नाहीत.

मी पुढे झाले तसे त्यांनी मला पाहिलं. त्यांचा चेहरा कसा झाला ते मला सांगता येणार नाही. मला वाटलं, चिडले.

"तुला सांगितलं होतं ना," ते हळूच म्हणाले.

"कुंकू लावून जाते," मी म्हटलं. मोठ्याने म्हटलं, साहेबांना ऐकू जाईल असं. "जागा काय, ज्याचा कारखाना त्याची."

नारळ फोडला. बोटीच्या नाकाला कुंकू लावायला वाकले तेव्हा आतून त्या बाईंनी हाक मारली.

"अहो, तुम्हीच का त्या?"

"कोण त्या?"

"पहिल्या फेरीच्या. माझ्या मुलाने तुमची जागा घेतली म्हणे. मी त्याला म्हटलं, अरे, मला पोहता येत नाही, मला बादलीतल्या पाण्याची भीती वाटते. तर म्हणतो, आई, तू बसलीस की गिऱ्हाइकाची खात्री पटेल. म्हणजे मी काय, शोभेला!"

"आई," गुप्तेसाहेब म्हणाले.

"खोटं आहे का? या हो, तुम्ही इकडे या. माझ्या शेजारी बसा. तुमचा हात धरला की मला धीर येईल. काय नाव तुमचं?"

"द्रौपदी."

"मला माई म्हणतात सगळे. या, द्रौपदीबाई."

मी साहेबांकडे पाहिलं. ते हसून म्हणाले, "बसा ना वहिनी. दोघी बसा. उलट छानच दिसेल."

राग कुठल्या कुठे गेला माझा. मी साडीचा सोगा खोचला आणि बोटीत जायच्या फळीवर पाय ठेवला.

"उतर," हे म्हणाले.

"अहो, साहेबच म्हणतायत..."

"मी म्हणतो उतर."

"मेस्त्री, बसू द्या हो," साहेब म्हणाले. "नवरा-बायकोची भांडणं नंतर. इब्राहीम, बघ जरा पुन्हा."

मी बसले. माईंनी माझा हात पकडला. त्यांचा हात गार होता आणि घामाने ओला.

"हळूच न्यायची ना हो?" त्यांनी इब्राहीमला विचारलं.

"व्हय माई, मेस्त्रींनी सांगितलंय. खाडीतल्या खाडीत, हळू."

"हळू कशाला?" साहेब म्हणाले. "पाहुणे वेग बघायला आलेत. खाडीच्या तोंडातून बाहेर काढायची आणि लाटांवर पूर्ण सोडायची. बघू दे त्यांना दुर्बिणीतून."

माझ्या पायांना सवय होती. बोटीत बसलं की माझ्या पायाशी ह्यांची पाठ असायची. त्या दिवशी पायाशी कोणी नव्हतं. मी धक्क्यावर पाहिलं. हे तिथेच उभे. मला इतका वेळ हे कसं लक्षात आलं नाही? तांडेल बोटीत, मालक बोटीत, आणि ज्याने बांधली तो काठावर.

समोर खालच्या खोलीचं दार उघडं होतं. आत उतरायच्या पायऱ्या दिसत होत्या, आणि त्यांच्या खाली मी दोनदा शिवलेल्या गाद्या. कितीतरी खोल दिसत होत्या. बोटीच्या तळाला आतून आडव्या फासळ्या असतात, माणसाच्या छातीला असतात तशा. लाट खालून आपटते तेव्हा तळ त्यांच्या आधाराने टिकतो. खोलीची जमीन त्या फासळ्यांच्या वर असते. ती खाली घेतली, म्हणजे फासळ्या कापल्या. हे मला कोणी शिकवलं नव्हतं. इतकी वर्षं ह्यांच्या तोंडून जेवताना ऐकलं होतं तेवढंच.

मी ह्यांच्याकडे बघितलं. ते माझ्याकडे बघत नव्हते, बोटीकडेही नाही. हातातल्या दोराकडे बघत होते.

आणि इंजिन लागलं. खणखणीत लागलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या.

"सोडा मेस्त्री!"

ह्यांनी दोर सोडला नाही.

"मेस्त्री, सोडा!"

ह्यांनी दोर खुंट्याला गुंडाळला. एक वेढा, दुसरा, तिसरा. बोटीने नाक वळवलं, दोर ताणला, आम्ही दोघी पुढे झुकलो. माई "अगं बाई" म्हणून माझ्या अंगावर आल्या. इब्राहीमने घाईने इंजिन बंद केलं. एवढी माणसं धक्क्यावर, पण दोर करकरल्याचा आवाज ऐकू आला.

"हे काय चाललंय?" साहेब ओरडले.

"तळ कच्चा आहे, साहेब."

"काय?"

"फासळ्या निम्म्या कापल्यात. बाहेर लाटेवर सोडली तर तळ फुटेल. आज नाही तर उद्या, पण फुटेल."

साहेबांचा चेहरा लाल झाला. गिऱ्हाईक दुर्बीण खाली करून ऐकत होतं. "काल संध्याकाळी ह्याच धक्क्यावर मी तुम्हाला विचारलं, बोट तयार आहे ना? तुम्ही काय म्हणालात?"

"तयार आहे म्हणालो."

"मग? काल तयार होती, आज एका रात्रीत कच्ची झाली?"

ह्यांनी माझ्याकडे बोट केलं.

"काल ही आत बसली नव्हती."

मला ते वाक्य कळायला थोडा वेळ लागला. आधी मला बरं वाटलं, खोटं कशाला सांगू. एवढ्या लोकांसमोर नवऱ्याने असं म्हणावं. ते बरं वाटणं पुरतं वर आलंही नव्हतं, तोच माझ्या हातातला माईंचा हात सैल झाला.

"आणि मी बसले होते ती?" माई म्हणाल्या.

आवाज चढवला नव्हता त्यांनी. खरोखरच विचारत होत्या. ह्यांनी मान खाली घातली. माई मग मुलाकडे वळल्या.

"अरविंद, यांनी तुला हे आधी सांगितलं होतं?"

"आई, ते प्रत्येक गोष्टीला नाहीच म्हणतात. नवीन काही करायला गेलं की यांचं..."

"सांगितलं होतं का?"

"म्हणाले होते काहीतरी. दोनदा. पण नंतर गप्प बसले ना! मला वाटलं, पटलं असेल."

"आणि मग मला बसवलंस."

"मी पण बसलोच आहे ना आई!"

"तुला पोहता येतं," माई म्हणाल्या.

त्या उठल्या. मी त्यांना धरून फळीवरून धक्क्यावर आणलं. लोकांनी बाजूला होऊन वाट दिली. पर्स बोटीतच राहिली होती, ती इब्राहीमने आणून दिली. माई ह्यांच्यासमोर येऊन थांबल्या, नखशिखांत त्यांना बघितलं. मला वाटलं, आता थोबाडीत मारतील. मारली असती तर बरं झालं असतं.

त्या माझ्याकडे वळून म्हणाल्या, "नशीबवान आहेस हो. तुझ्या नवऱ्याचा तुझ्यावर फार जीव आहे."

बोट पाण्याबाहेर ओढली गेली. माईंनी हट्टच धरला, गेस्ट हाउसमध्ये मुक्काम ठोकून बसल्या, त्यामुळे साहेबांना खोलीची जमीन उघडावी लागली. मी बघायला गेले होते. बोट उतरवताना जो काय हिसका बसला असेल तेवढ्यानेच, दोन कापलेल्या फासळ्यांच्या मधे तळाला केसासारखी चीर गेलेली होती. माई खुर्ची टाकून बसल्या होत्या. त्यांनी वाकून त्या चिरेवर बोट ठेवलं आणि कितीतरी वेळ उचललं नाही.

साहेबांनी ह्यांना काढलं नाही. कोणत्या तोंडाने काढणार? फासळ्या नव्याने बसवल्या. गिऱ्हाइकाने तेवढी एक बोट घेतली, वाकून शिरावं लागणारी, आणि पुढची ऑर्डर मोडली. साहेबांनी थोडे दिवस रेटलं आणि मग कारखाना बंद केला. आता तिथे हॉटेल आहे.

त्या दिवशी घरी आल्यावर मी ह्यांना एकच विचारलं.

"मी आले नसते तर?"

ते पाय धूत होते. पाय धुऊन झाले, टॉवेलने पुसले, तांब्या जागेवर ठेवला, आत गेले. मी पुन्हा विचारलं नाही. पण माझ्याजवळ एक गोष्ट होती, ती मी धरून ठेवली. मी धक्क्यावर पोचले तेव्हा दोर ह्यांच्या हातात होता. खुंट्यावरून काढलेला, पण हातात. सोडलेला नव्हता. सोडवत नव्हता म्हणूनच ना हातात होता?

माई पुढे दरवर्षी आंब्याच्या दिवसांत यायच्या. साहेबांचा कारखाना गेला तरी यायच्या, माझ्याकडे उतरायच्या. आमची मैत्री झाली म्हणायला हरकत नाही. ह्यांच्याशी त्या नीट बोलायच्या, आंबे पिकले की नाही ते विचारायच्या, बस. मात्र जायच्या दिवशी, ह्यांचं लक्ष नाही असं बघून, मला हमखास विचारायच्या.

"तुझा नवरा सोडत नव्हता ना गं तो दोर? तू यायच्या आधी?"

"नव्हते हो माई. मी पाहिलं ना माझ्या डोळ्यांनी. हातात घट्ट होता. जीव होत नव्हता त्यांचा."

"असेल, असेल," म्हणायच्या. "म्हणजे तू आली नसतीस तरी त्याने थांबवलंच असतं."

"थांबवलंच असतं."

मग त्यांचा चेहरा निवायचा, आणि त्या गाडीत बसायच्या. मला वाटतं, एवढं ऐकायलाच त्या इतक्या लांब यायच्या. स्वतःच्या मुलाला विचारण्यासारखं त्यांच्याजवळ काही उरलं नव्हतं.

पुष्कळ वर्षांनी, एका दुपारी, आम्ही दोघं पडवीत बसलो होतो. मी उशीची खोळ शिवत होते. ह्यांना दिसायला कमी झालं होतं, पण हात स्थिर होते, नारळ खवायचं काम ते कोणाला देत नसत. विळीवर बसले होते. कशावरून काही नाही, एकदम म्हणाले,

"इंजिन लागत नव्हतं."

"कुठलं इंजिन?"

"नीलांबरीचं. तू यायच्या आधी. साहेब म्हणाले सोडा, मी खुंट्यावरनं दोर काढला. सोडतच होतो. तेवढ्यात ते बंद पडलं. पाण्यावर नुसती वाहत गेली असती, म्हणून धरून राहिलो."

मी सुई खोळीत टोचून ठेवली.

"लागलं असतं तर?" मी विचारलं.

"लागलं असतं तर सोडला असता."

माई त्याच्या आदल्या पावसाळ्यात गेल्या होत्या. माझ्या मनात पहिल्यांदा तेच आलं, की बरं झालं. मग मी ह्यांच्याकडे बघितलं. ते नारळ खवत होते, सावकाश, वाटी बोटांनी चाचपून फिरवत, करवंटीचा काळा कण खोबऱ्यात येऊ नये म्हणून अगदी जपून.